चढती रेघ

"हा फोटो उलटा तर नाही ना टांगलेला?" एका गृहस्थांनी मला विचारलं.

"नाही. असाच आहे."

"मग आहे काय हे? पापड वाळत घातलेत?"

"अहो, शेवयांचा पाट असेल," त्यांची बायको म्हणाली. दोघंही मनापासून हसली आणि शेजारच्या ताजमहालाकडे वळली.

गिरगावातल्या आमच्या छायाचित्र मंडळाचं ते वार्षिक प्रदर्शन होतं. साल अडतीस, डिसेंबर महिना. भिंतींवर ताजमहाल, पाणवठ्यावरच्या बायका, विडी ओढणारा म्हातारा अशी सगळी शहाण्यासारखी चित्रं होती आणि कोपऱ्यात माझे सहा फोटो. मुंबईत तेव्हा सिमेंटच्या नव्या इमारती भराभर उठत होत्या आणि मी त्यांच्यावर लट्टू होतो. पण माझ्या फोटोंत अख्खी इमारत कुठंच नव्हती. गॅलरीची एखादी कड, तिची भिंतीवर पडलेली काळी पट्टी, जिन्याचं एखादं वळण, बस्स. माणूस तर औषधालाही नाही. पोटासाठी मी एका स्टुडिओत नवरानवरीला खुर्चीवर बसवून "हसा जरा" म्हणत असे, त्याचा सूड सुट्टीच्या दिवशी असा उगवायचो.

त्या सहांतला शेवटचा माझा लाडका. त्याच्याखाली मी 'चढती रेघ' असं नाव लिहिलं होतं. पांढरीशुभ्र भिंत, तिच्यावर एका जिन्याची सावली डावीकडून उजवीकडे चढत गेलेली आणि तिला छेदणाऱ्या कठड्याच्या तीन नळ्या. एरवी कुणी "काय आहे हे?" म्हटलं की माझं डोकं फिरायचं. त्या दिवशी मात्र कुणाला काही कळत नव्हतं याचंच मला बरं वाटत होतं. कारण तो फोटो जिथं काढला होता तिथं माझी बहीण लपून राहिली होती.

अक्काचं नाव हौसा. दिवाळीनंतर ती नवऱ्याचं घर सोडून नेसत्या लुगड्यानिशी निघाली आणि मेरीबाई गायकवाडांकडे गेली. मेरीबाई मूळच्या नगरच्या, इस्पितळात नर्स. अक्काच्या पाठीला मलमपट्टी करताना त्यांनी न विचारता सगळं ओळखलं होतं. दादरला एका नव्या इमारतीच्या गच्चीवर त्यांची खोली होती, तिथं त्यांनी अक्काला ठेवून घेतलं. ही गोष्ट फक्त आम्हा तिघांना ठाऊक होती. साताऱ्याहून आमच्या वडिलांनी, आबांनी मला निरोप पाठवला होता, भेटली तर तिला तिच्या घरी पोचती कर. म्हणजे नवऱ्यानं शोधून काढलं असतं, तर तिच्या मागं उभं राहायला मी एकटाच होतो. आणि मी तिच्या नवऱ्याला फार भीत होतो.

फोटो लावताना मनात पाल चुकचुकली होती. पण सिमेंटच्या एका भिंतीवरून घर ओळखणारा माणूस आहे कोण, असं मी स्वतःला समजावलं. तसा एक माणूस होता, आणि तो दुपारी दारात उभा राहिला.

"सदा, बरीच गर्दी आहे की तुझ्याकडं," दाजी म्हणाले.

आनंदराव भोईटे, अक्काचे यजमान. एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, इमारतींचे नकाशे काढायचे. कोट स्वच्छ, छत्रीची घडी चापून बसवलेली, आवाज कायम हळू. मी गावाहून मुंबईला आलो तेव्हा त्यांच्याकडेच उतरलो होतो. संध्याकाळी ते मला फिरायला न्यायचे आणि म्हणायचे, "घराकडं घर म्हणून बघू नकोस. रेघा बघ. ऊन कुठनं येतंय ते बघ." माझा पहिला कॅमेरा त्यांनीच घेऊन दिला. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, हे लपवण्यात काय अर्थ आहे? मग एक दिवस मेरीबाईंनी मला बोलावून अक्काची पाठ दाखवली. दोन वळ होते, समांतर, अगदी आखल्यासारखे. नकाशे आखायची लाकडी टी-स्क्वेअर मी दाजींच्या टेबलावर रोज पाहत आलो होतो. ऑफिसला जाताना ते बाहेरून कुलूप लावतात, हेही अक्कानं तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं.

"या दाजी," मी म्हणालो.

"हौसाचं काही कळलं?"

"नाही."

"तुला कळलं असतं तर तू सांगितलंच असतंस," ते म्हणाले आणि फोटोंकडे वळले.

लोक माझ्या फोटोंसमोर क्षणभर थांबायचे. दाजी एकेकासमोर ठाण मांडून उभे राहत होते. "हा रस्त्यावरून घेतलास. हाही. हा ट्रामच्या थांब्यावरून, बरोबर? छान." असं करत ते सहाव्यापाशी आले आणि जवळ वाकले. मी उगाचच शेजारच्या ताजमहालाची चौकट सरळ करत राहिलो.

"हा गच्चीवरचा," ते म्हणाले.

"हो."

"नव्या इमारतीच्या गच्चीवर अनोळखी माणसाला कोण जाऊ देतं रे?"

"भय्याला सांगून गेलो होतो."

"कुठल्या इमारतीच्या?"

"आता आठवत नाही, दाजी. भटकत असतो मी."

"असू दे. आपण बघू." त्यांनी खिशातून चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि लावला. "या तीन नळ्या बघ. आगबोटीच्या कठड्यासारख्या. मालकाची हौस होती ती. आणि टाकीच्या कट्ट्याकडं जाणारा जिना बाहेरून काढलेला. सदा, हे मी आखलंय. दादरला, त्या नव्या रस्त्यावर."

बाहेर मंडळाचे चिटणीस मला हाका मारत होते, पण मी फोटोपासून हललो नाही.

"तिथं समोरासमोर दोन इमारती आहेत," दाजी शांतपणे बोलत होते. "एक मी काढली. दुसरीला नकाशाचं आरपार दिसणारं ट्रेसिंगचं कापड नुसतं पालथं घातलं, डाव्याचं उजवं केलं आणि झाली दुसरी. तेव्हा ही पूर्वेची की पश्चिमेची, एवढंच बघायचं राहिलं." त्यांचं बोट फोटोतल्या सावलीवरून हळूहळू वर गेलं. "जिना डावीकडून उजवीकडं चढतोय. म्हणजे रस्त्याच्या पूर्वेकडची इमारत. ऊन मावळतीचं. संध्याकाळी काढलास."

संध्याकाळी? मी तो फोटो सकाळी काढला होता. अक्कानं दिलेला चहा कठड्यावर निवत होता, ते मला लख्ख आठवत होतं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मूळ निगेटिव्हमध्ये ती सावली डावीकडून उजवीकडे उतरत होती. मला ती चढायला हवी होती. म्हणून डार्करूममध्ये निगेटिव्ह पालथी घालून मी फोटो छापला होता. अक्काला लपवायचं वगैरे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, मला फक्त रेघ चढलेली हवी होती. त्यामुळे डाव्याचं उजवं झालं होतं, सकाळची संध्याकाळ झाली होती आणि पश्चिमेची इमारत पूर्वेची झाली होती. दाजींनी फोटो अचूक वाचला होता आणि अचूक चुकीच्या घरी पोचले होते.

मला हसू फुटेल की काय असं वाटलं. पण ते क्षणभरच. पूर्वेच्या गच्चीवर उभं राहिलं की रस्त्यापलीकडे पश्चिमेची गच्ची दिसते, अगदी हाकेच्या अंतरावर.

"चल," दाजींनी भिंतीवरून फोटो उतरवून काखेत घेतला आणि दुसऱ्या हातानं माझं कोपर धरलं. "तूही चल."

"प्रदर्शन चालू आहे, दाजी."

"ते कुठं पळून जातंय?"

नको म्हटलं असतं तर ते एकटे गेले असते, खोली धुंडाळली असती आणि मग सहज म्हणून रस्त्यापलीकडे पाहिलं असतं. निदान मी बरोबर असलो तर काहीतरी करता येईल, असं वाटलं. काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. ट्राममध्ये ते माझ्याशेजारी बसून हिवाळ्यातल्या उन्हाबद्दल बोलत होते, ते कसं लांब सावल्या टाकतं आणि म्हणून फोटोला कसं बरं. मी "हो हो" म्हणत होतो. माझं कोपर त्यांनी दादर येईपर्यंत सोडलं नाही.

पूर्वेच्या इमारतीच्या भय्याला दाजींनी ऑफिसचं नाव सांगितलं तसा तो लगेच बाजूला झाला. आम्ही वर गेलो. गच्चीवरच्या खोलीला कुलूप होतं. ती अजून कुणी घेतलेलीच नव्हती, खिडकीतून आत नुसती चुन्याची पोती दिसत होती. दाजींनी ती एकदा पाहिली आणि ते टाकीच्या जिन्यापाशी गेले. फोटो दोन्ही हातांत समोर धरून ते दोन पावलं मागं सरले, एक पाऊल बाजूला झाले.

"बघ," ते म्हणाले. "तंतोतंत."

खरंच तंतोतंत होतं. ऊन कलतं झालं होतं आणि भिंतीवर जिन्याची सावली डावीकडून उजवीकडे चढत होती. मी जी भिंत कधी पाहिलीही नव्हती, तिचा हुबेहूब फोटो माझ्या नावावर होता. दाजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग ते हळूहळू उतरलं.

"मग ती कुठंय, सदा?"

ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, रस्ता त्यांच्या पाठीशी होता. मी त्यांच्यासमोर सरकलो. त्यांच्या खांद्यावरून मला पश्चिमेची गच्ची सरळ दिसत होती. तिथल्या टाकीच्या कट्ट्यावर दोरी बांधलेली होती, कारण ऊन तिथं सर्वात शेवटपर्यंत राहायचं. दोरीवर कपडे वाळत होते. आणि अक्का ते काढायला जिना चढत होती.

तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ओरडून सावध करावं, तर दाजी वळले असते. मी तोंडाला येईल ते विचारलं.

"दाजी, ही रेघ थोडी मध्यावर घेतली असती तर?"

"अं?"

"फोटोत. मला सारखं वाटतं की ती फार कडेला गेलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकवायचा मोह त्यांना कधी आवरला नाही. "छे! मध्यावर आली असती तर मेली असती. कडेला आहे म्हणून तर ती जातेय असं वाटतं. इथं बघ, हा पांढरा भाग तू मोकळा सोडलास ना, तो जास्तीचा नाही. त्याच्यामुळंच ही काळी उभी राहते."

"आणि नळ्या?"

"त्या नसत्या तर नुसता जिना दिसला असता. त्या आल्या आणि जिना गेला, रेघा उरल्या. फार चांगला फोटो आहे, सदा. तिथं लोक हसत होते ना? त्यांना दिसत नाही."

माझा एक डोळा अक्कावर होता, आणि तरी ते ऐकून माझा जीव सुखावला. माझ्या फोटोबद्दल असं मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. ज्या एका माणसाला तो फोटो दिसत होता, त्याच्यापासूनच मी माझी बहीण लपवत होतो. मी पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. कट्ट्यावर अक्का सावकाश कपडे काढत होती, घडी करत होती, खांद्यावर टाकत होती. लवकर कर गं बाई, असं मी मनात म्हणत होतो.

दाजी भिंतीवर बोट ठेवून काहीतरी दाखवत होते. त्यांच्या बोटाशेजारी पांढऱ्या भिंतीवर काहीतरी हललं. सूर्य पार खाली, समोरच्या कट्ट्याच्या पातळीवर आला होता आणि रस्ता ओलांडून एक फिकट, पसरट सावली या भिंतीवर येऊन पडली होती. सावलीनं दोन्ही हात वर केले, काहीतरी ओढून खाली घेतलं आणि पुन्हा हात वर केले.

दाजी बोलायचे थांबले. त्यांनी हातातल्या फोटोकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"ही सावली फोटोत नाही," ते म्हणाले आणि वळले.

समोरच्या कट्ट्यावर, उन्हाच्या विरुद्ध, बाईची काळी आकृती उभी होती. तोंड दिसत नव्हतं, पण ओळखायला तोंडाची गरज नव्हती. आमच्यावर मात्र ऊन सरळ पडलं होतं, त्यामुळे तिनंही आम्हाला पाहिलंच. तिचा हात दोरीवर तसाच राहिला.

"हौसा," दाजी म्हणाले. मोठ्यानं नाही, स्वतःशीच. फोटो जिन्यावर ठेवून ते कठड्यापाशी गेले आणि नीट बघू लागले.

मी मागं सरकत गच्चीच्या दारात आलो होतो. पुढचं मी ठरवून केलं नाही. मी आत झालो, दार ओढलं आणि जिन्याच्या बाजूची लोखंडी कडी सरकवली. मग धावत सुटलो. खाली पोचेपर्यंत वरून एकही आरोळी आली नाही. दाजी आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते.

अक्का अनवाणी रस्त्यावर आली होती.

"कडी लावलीय," मी धापा टाकत म्हणालो. "तुझं सामान घे, चटकन. टॅक्सी बघतो."

"कुटं जायचं?"

"पुण्याला जाऊ. माझा मित्र आहे तिथं."

"आनि हे तितं आले मग?"

"मग पुढचं पुढं बघू. अक्का, वेळ घालवू नको."

तिनं वर पाहिलं. कठड्याच्या तीन नळ्यांच्या वर दाजींचं डोकं दिसत होतं, एवढंसं. ते खाली आमच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता ही इथंच कोसळणार. पण ती रस्ता ओलांडून पूर्वेच्या इमारतीच्या दारातून आत शिरली आणि जिना चढू लागली.

"अक्का! वेड लागलं का तुला?" मी तिच्या मागं धावलो. प्रत्येक मजल्यावर तिला विनवलं, पदर धरला. ती कठड्याला धरून चढतच राहिली. गच्चीच्या दारापाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"सदा, दार उघड," पलीकडून दाजींचा आवाज आला. नेहमीसारखाच हळू.

"सदा न्हाई. मी हाय."

"हौसा, कडी काढ."

"काडते. आदी ऐका. मी येनार न्हाई."

"आपण घरी बोलू."

"घरी तुमी बोलत न्हाई."

"सदाच्या नादी लागू नकोस. लोकांना तमाशा होईल."

"कुटं हायत लोक? तुमी एकलेच हाय की तितं." तिनं दारावर तळहात टेकला होता. "ऐकलं म्हना."

"हौसा."

"ऐकलं म्हना, मग काडते. न्हाई तर सकाळपत्तुर राहा. मी न्हाई का राहिले, दाराच्या आत?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. इतकं बोलताना मी तिला लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. पलीकडे दाजी येरझारा घालत होते. पावलं दारापासून कठड्यापर्यंत जायची आणि परत यायची. मग ती दारापाशीच थांबली.

"ऐकलं," दाजी म्हणाले.

"काय ऐकलं?"

"येणार नाहीस."

अक्कानं कडीवर हात ठेवला. मी तिचं मनगट पकडलं. "नको," मी कुजबुजलो, "मी जाऊन चार माणसं घेऊन येतो." तिनं माझी बोटं सोडवली आणि कडी सरकवली.

दार उघडलं. दाजी उंबऱ्यात उभे होते, बगलेत माझा फोटो. कोटाला चुन्याचा डाग लागला होता आणि ते तो झटकत होते. जिना अरुंद होता. अक्का मधोमध उभी राहिली आणि बाजूला झाली नाही, त्यामुळे त्यांना अंग चोरून भिंतीला घासत जावं लागलं. ती डोळे मिटून उभी होती. मी दोन्ही मुठी आवळल्या होत्या. आयुष्यात कधी कुणाला मारलं नव्हतं, त्या दिवशी मारलं असतं.

माझ्यापाशी ते थांबले. फोटो माझ्या हातात दिला.

"निगेटिव्ह उलटी लावलीस," ते म्हणाले. नकाशातली चूक दाखवताना बोलायचे तसेच. आणि ते खाली उतरले.

ते पुन्हा कधी आले नाहीत. पण हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्यांची पावलं पार खालपर्यंत ऐकली, भय्याशी ते दोन शब्द बोलले तेही ऐकलं, आणि ते रस्त्यावर पोचल्यावरही मला खात्री वाटेना.

"गेले?" अक्कानं विचारलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"गेले."

"जाताना काय म्हनाले रे तुला?"

"फोटोचं बोलले. मी निगेटिव्ह उलटी छापली होती, ते त्यांच्या लक्षात आलं."

"आनि माझं?"

"काही नाही," मी म्हणालो.

अक्का पायरीवर बसली. "इतकी वर्सं मी जीव मुठीत धरून राहिले," ती म्हणाली. "वाटायचं, या मानसाची नजर एक घडी माझ्यावरनं हटत न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत होती की हसत होती ते मला त्या अंधुक जिन्यात कळेना. "त्यांनी मला कधी बघितलंच न्हाई रे, सदा."